राखणीचा आवाज

दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी मला फोन करून विचारतं, "ताई, कुठलं सिंथ घेऊ?" सिंथ म्हणजे सिंथेसायझर, कॉम्प्युटरच्या आत राहणारा. विचारणाऱ्यानं लॅपटॉपवर आधीच ढीगभर सिंथ भरून ठेवलेली असतात, त्यातली निम्मी चोरून आणलेली, आणि एकाचंही पोट उघडून बघितलेलं नसतं. माझं डोकंच फिरतं. मी म्हणते, "तुला कुठला आवाज पाहिजे तो आधी तोंडानं काढून दाखव." की समोरचा लाजतो. अरे बाबा, आवाज बनवायला निघालास आणि तोंड उघडायला लाजतोस?

मी आवाज बनवते. गाणी नाहीत, नुसते आवाज. गेममधल्या राक्षसाचं पोट बिघडलं तर ते कसं गुडगुडेल, दगडाला झोप लागली तर तो घोरेल कसा, परग्रहावरच्या फ्रिजचं दार लागताना काय म्हणेल, असली कामं माझ्याकडे येतात. पुण्याजवळ सूसमधल्या आमच्या फ्लॅटच्या छोट्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या टेकवून मी ती करते. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सोसायटीत तक्रारही केली आहे की यांच्याकडचा मिक्सर बंदच होत नाही. मी या कामात चांगली आहे. फार चांगली आहे. नम्रपणा मला कधी जमला नाही, आणि तो का जमला नाही हे पुढे कळेलच.

सिंथ निवडायचं माझं शास्त्र साधं आहे. आवाज मनात आला की विचारायचं, इथे हलतंय काय? आणि ते कसं हलवलंय, मारून, घासून, फुंकून की फाडून? धातूचा खणखणाट हवा असेल तर एका लहरीनं दुसरीला गदागदा हलवणारं सिंथ घ्यायचं. त्यातून घंटा, पातेली, साखळदंड झकास निघतात. तार, पत्रा किंवा चामडं हवं असेल तर ज्यात त्या वस्तूचंच गणित मांडलेलं असतं ते घ्यायचं, मग पत्रा गावाएवढा मोठा करा नाहीतर तार या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत ताणा, तुमची मर्जी. आणि खरा आवाज हाताशी आहे पण अगदी थोडा आहे, अशी वेळ आली तर दाण्यांचं सिंथ. ते ध्वनिमुद्रणाचे बारीक बारीक दाणे करतं आणि हवे तसे पुन्हा पेरतं. बाकी सगळी दुकानदारी. एवढी नीट ओळखायची म्हटलं तरी जन्म पुरणार नाही.

हे मी आता मोठ्या तोंडानं सांगते आहे. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम मला रानडुकरांनी दिलं.

आमचं गाव मुठा. खोऱ्यात, डोंगराच्या पायथ्याला आमची भातखाचरं आहेत. वडील गेल्यापासून आई आणि दादा ती बघतात. दादा शनिवार-रविवारवाल्यांच्या दोन बंगल्यांची देखभालही करतो. खोऱ्यात बहुतेकांनी नव्या, बुटक्या, भरघोस जाती केव्हाच धरल्या. आई मात्र ओढ्यालगतच्या एका खाचरात अजून जुना आंबेमोहर लावते. तो उंच वाढतो, वाऱ्यानं आडवा होतो, उतारा म्हणाल तर बेताचा. पण शिजायला लागला की रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून बघतो. ते बी तिला लग्नानंतर सासरी मिळालेलं. दर वर्षी त्यातलंच बाजूला काढायचं आणि त्याचंच पुढच्या वर्षी रोप टाकायचं. बाजारात आंबेमोहर म्हणून जे मिळतं ते आईसमोर धरलं तर ती हुंगते आणि काही न बोलता परत करते.

आणि त्या खाचराची राखण करायचा आईचा आवाज.

काय सांगू तो आवाज! ओट्याच्या कडेला उभं राहून तिनं हाक मारली की ओढ्यापलीकडच्या वाडीतली काकू हातातलं काम टाकून बाहेर यायची. घरोघरी मोबाईल आले तरी या दोघी ओढ्यावरूनच बोलायच्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली, सगळं खोऱ्याला ऐकू जाईल असं. दिवस कलला की आई बांधावरून एक फेरी मारायची, पत्र्याचा डबा बडवायची आणि डुकरांना असं काही सुनवायची की डुकरं राहिली बाजूला, आम्ही भावंडंच मुकाट्यानं अभ्यासाला बसायचो. शाळेत असताना मला त्या आवाजाची लाज वाटायची, कारण वर्गातल्या सगळ्यांना आमच्या घरातली भांडणं पाठ असायची. आता वाटत नाही. असा आवाज अख्ख्या खोऱ्यात दुसरा नव्हता आणि तो आमच्या घरात होता.

माझा आवाज मात्र बारीक. "हिचा आवाज घशातच ऱ्हातोय," आई सगळ्यांना सांगायची. म्हणूनच कदाचित मी दुसऱ्या वस्तूंमधून आवाज काढायला शिकले.

मग आईच्या गळ्यात गाठ आली. ती काढावी लागली. आवाजाच्या शिरेला धक्का बसू शकतो हे डॉक्टरांनी आधी समजावून सांगितलं होतं, आणि तसंच झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता तिच्या घशातून जी कुजबूज येते ती शेजारी बसलेल्या माणसालाच कळते. आई रडली बिडली नाही. तिनं फक्त ओट्यावर उभं राहणं सोडलं. पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन बसायची. काकू पलीकडून हाक मारायची, आई दारातूनच हात हलवायची. पण अंधार पडल्यावर हात कुणाला दिसतोय? हळूहळू काकूची हाकही थांबली.

त्याच वर्षी डुकरांनी आंबेमोहराचं खाचर लोळवलं. दादा राखणीला शेतातल्या माळ्यावर बसायचा, पण तो किती जागणार? दिवसभर बंगल्यांवर राबलेला माणूस. चिखलातून आईनं एकेक लोंबी वेचून काढली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी एका खाचराला पुरेल इतकं बी निघालं. ते तिनं डब्यात भरलं आणि झाकणावर हात ठेवून मला कुजबुजली, "औंदा वाचलं. पुन्यांदा असं झालं तर बीच न्हाई ऱ्हायचं. मंग लावायचं काय?"

मला ते सहन झालं नाही. मी फाडकन बोलून गेले, "पुढच्या वर्षी राखण मी करते."

दादा हसला. "तू? तू सूसला ऱ्हातीस. फोनवरनं राखण करनार व्हय?"

"आवाजानं करीन."

"भोंगं लोकांनी लावल्यातच की. चार दिस डुकरं बिचकत्यात, मंग भोंग्याखालीच लोळत्यात."

त्याचं खरं होतं. आमच्याकडे बऱ्याच शेतांवर छोटे भोंगे असतात. त्यात कुणीतरी "हुर्र, हाड हाड" असं ओरडून ठेवलेलं असतं आणि ते तेवढंच पुन्हा पुन्हा वाजत राहतं. डुकरं काही खुळी नाहीत. तीच आरोळी तेवढ्याच वेळानं येते म्हटल्यावर ती ओळखीची होऊन जाते. पण मी काय साधी बाई आहे? दगडाला घोरायला लावलेलं आहे मी!

पुढच्या हंगामात भात निसवलं, दाणा दुधावर आला, तेव्हा मी सामान घेऊन गेले. खाचराकडेच्या खोपटात माझा जुना लॅपटॉप धान्याच्या रिकाम्या कोठीत ठेवला, छपरावर सौर पाटी टाकली, बॅटरी जोडली आणि बांधावरच्या खांबाला भोंगा चढवला. पहिला आवाज लावला खणखणाटाचा. शंभर पातेली डोंगरावरून गडगडत येतायत असा. मोजके दिवस चालला. मग एका सकाळी दादानं फोटो पाठवला, भोंग्याच्या खांबाभोवती खुरांचे ठसे. खाली लिहिलं होतं, "पाव्हनं येऊन गेलं."

मग मला चेव आला. म्हटलं, आता बिबट्याच आणते. बिबट्या डरकाळी फोडत नाही, त्याचा आवाज लाकडावर करवत चालवल्यासारखा असतो, श्वास आत घेताना एक आणि बाहेर सोडताना दुसरा. मी नुसत्या खरखरीपासून सुरुवात केली, ती गळ्यातून आल्यासारखी गाळली, छातीचा पोकळपणा दिला, मध्ये किंचित लाळ घातली. हो, लाळ. ती कशी घालायची ते मी कुणाला सांगत नाही. आवाज असा उतरला की माझ्याच अंगावर काटा आला. तो लावून मी सूसला परत आले. दुसऱ्या दिवशी डुकरं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. मी घरभर मिरवून घेतलं.

शनिवारी गावी गेले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिवस अजून मावळायचा होता आणि दारं बंद. माळ्यांवर कोणी नाही, बांधांवर शेकोट्या नाहीत. पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून शाळेत पोचवत होते. बंगल्यांवरची माणसं गाड्या काढून पुण्याला पळाली होती. वाघरू आलंय! दादा बिचारा प्रत्येकाला सांगत फिरत होता की अहो, ते आमच्या बहिणीनं मशीनवर केलंय. कोणी ऐकेना. "खुळा का काय तू? असला आवाज मशीन काढतंय व्हय?" खरं सांगते, हे ऐकून मी आधी खूश झाले. त्याहून मोठी शाबासकी मला कुठल्या कंपनीनं दिली नव्हती.

पण वनखात्याची माणसं येऊन झाडाला कॅमेरा बांधून गेली आणि त्यात जे दिसलं त्यानं माझी पार जिरली. आमच्या भोंग्याखालून डुकरीण चालली आहे, मागे ओळीनं पिल्लं, आणि एक थोराड डुक्कर आमच्याच खांबाला पाठ घासतंय. त्यांना केव्हाच कळलं होतं की या बिबट्याला वास नाही, पाय नाहीत, हा नुसता एका जागी बसून खरखरतो. उलट माणसं घरात कोंडली गेल्यामुळे सगळं खोरं त्यांना मोकळं झालं होतं. कुणाचा कोपरा गेला, कुणाची बांधालगतची ओळ गेली. आमच्याही आंबेमोहराचा एक कोपरा भुईसपाट.

मी लॅपटॉप उचलून गावात पारावर नेला आणि सगळ्यांसमोर तो आवाज वाजवला. एक आजोबा पारावरून टुणकन खाली उतरले. मग जो काही हशा आणि ज्या काही शिव्या! दोन्ही मी उभ्यानं ऐकून घेतलं. तेव्हापासून गावात मला बिबट्याबाई म्हणतात, आणि अजून म्हणतात.

 आई पडलेल्या कोपऱ्यात वाकून भाताचं एकेक ताट उभं करून बघत होती. उभं राहत नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "बंद कर त्ये. आपल्यामुळं लोकं घरात बसली."

सूसला परत येताना गाडीवर मी स्वतःशीच भांडत होते. इतकी वर्षं डुकरं कशाला घाबरत होती? आईकडे ना नखं ना दात. पण ती जागी आहे, तिला राग येतो, आणि ती पुढच्या क्षणी काय करेल हे सांगता येत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. उत्तर मला रस्त्यातच कळलं होतं. पण ते मला नको होतं.

कारण माझ्याकडे आईचा आवाज होता. मी पहिला चांगला माइक घेतला तेव्हा तो तपासायला ओट्यावर बसले होते. तेवढ्यात वानरांची टोळी फणसावर उतरली आणि आई आतून लाटणं घेऊन बाहेर आली. "हाऽऽड! मुडद्यांनो! तुमच्या बापानं लावलाय का फनस? या खाली, या, दावते एकेकाला!" पत्रा वाजतोय, वानरं खिदळतायत, मी हसतेय. थोड्याच मिनिटांचं ते मुद्रण. ऑपरेशननंतर मी ते एकदाही उघडलं नव्हतं. हिंमतच झाली नव्हती. आता तो गेलेला आवाज बाहेर काढायचा, भोंग्यावर लावायचा, आणि तोही डुकरांसाठी? आईला काय वाटेल? पण दुसरं मन म्हणत होतं, अगं, तो आवाज होताच या कामाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. पहिला "हाऽऽड" ऐकला आणि मी हमसून हमसून रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि कामाला बसले.

मुद्रण नुसतं फिरवत ठेवलं असतं तर तोही चार दिवसांचा भोंगा झाला असता. म्हणून दाण्यांचं सिंथ घेतलं. त्यात सगळा खेळ दाण्याच्या लांबीचा. दाणे फार बारीक केले तर आईचे भुंगे झाले. फार मोठे ठेवले तर "फनस, फनस" तेच तेच यायला लागलं. कानानं चाचपत चाचपत एका अक्षराच्या आसपास आले, तेव्हा शब्द गेले पण आई राहिली. काय बोलतेय ते कळत नव्हतं, पण बोलणी बसतायत हे बहिऱ्यालाही कळलं असतं.

तरी जमेना. सिंथ दाणे वाटेल तसे उधळत होतं आणि ऐकायला बाजारातली गर्दी वाटत होती. आईचा राग असा वाटेल तसा कधीच नसायचा. त्याला घडण होती. आधी ती गप्प व्हायची. ती शांतता आम्हाला सगळ्यात भयंकर वाटायची, दादा तर तेवढ्यातच गुन्हा कबूल करायचा. मग कुठेतरी एक भांडं आपटायचं. मग पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. आपल्याला वाटावं की सुटलो, आणि तेवढ्यात फुटायचा तो आवाज, खालून वर चढत जाणारा. शेवटी पुटपुट, दूर दूर जाणारी, आणि पाठ वळवली की परत एकदा कडाडून. हे सगळं मी त्यात घातलं. शांतता किती लांब, भांडं कधी, आवाज कितीदा चढणार, हे दर वेळी सिंथनं स्वतः ठरवायचं, पण रागाची घडण सोडायची नाही. भांड्यासाठी खणखणाटाचं सिंथ कामाला आलं, पत्र्याच्या डब्यासाठी पत्र्याच्या गणिताचं. वाया काहीच गेलं नाही.

झालं की नाही हे बघायला मी ते चालू ठेवून स्वयंपाकघरात गेले. काही वेळ शांत होतं. मी विसरूनही गेले. मग आतल्या खोलीत भांडं आपटलं आणि माझे हात आपोआप टेबलावरची ताटं उचलायला लागले. तेव्हा कळलं, झालं. इतकं चांगलं काम मी आधी कधी केलं नव्हतं.

फक्त दादाला सांगितलं. आई चुलीपुढे असताना आम्ही खाचरावर जाऊन सगळं जोडलं, भोंग्याचं तोंड रानाकडे केलं आणि आवाज बेताचा ठेवला. पहाटे दादानं रानाच्या कडेचे ठसे पाहिले. डुकरं आली होती, थबकली होती, वळून गेली होती. पुढच्या पहाटे तसंच. त्याच्या पुढेही तसंच. "आलीच न्हाईत," दादा फोनवर म्हणाला, आणि मग हळूच, "मलाच भ्या वाटतंय त्या बाजूला जायाला."

त्या आठवड्यात मी गावी असताना दिवेलागणीला काकू ओढा ओलांडून आली. लुगडं ओलं, चप्पल हातात, धापा टाकत. आई दारात उभी होती. काकूनं तिला दोन्ही हातांनी धरलं. "अगं बये! आवाज फुटला की तुझा! आईकलं मी पलीकडनं! मला सांगायचं न्हाईस व्हय?" आईला काही कळेना. ती नाही नाही म्हणून मान हलवत होती. आणि तेवढ्यात वारा घराकडे वळला, खाचराकडून भांडं आपटलं, शांतता पसरली, आणि आईचा आवाज चढत चढत खोऱ्यात गेला.

आईनं ते सगळं ऐकलं. काकूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत निघून गेली. मी मागोमाग गेले. ती चुलीवरचं झाकण नीट करत होती, नीटच असलेलं. "आई, बंद करू?" तिनं चुलीत एक लाकूड सारलं. काकू ओट्यावर डोळ्यांना पदर लावून बसली होती. 

त्यानंतर आईनं त्या आवाजाचं नावही काढलं नाही. तो सुरू व्हायच्या वेळी ती परसात जायची, नाहीतर उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. भात घरात येऊ दे, मंग बघू." मी राहू दिलं. पण सूसमध्ये बसून रोज संध्याकाळी मला वाटायचं, मी हिचं बी वाचवायला हिला रोज ओरबाडते आहे.

दिवाळी झाली आणि कापणी आली. तो एक कोपरा सोडला तर आंबेमोहराचं सगळं खाचर उभं होतं. उंच, पिवळं, लोंब्यांनी वाकलेलं. मी विळा घेऊन उतरले आणि तासाभरात कंबर धरून बसले, ते सोडा. भारे घरी आले, झोडणी झाली, अंगणभर वास सुटला. आईनं बियाच्या लोंब्या आधीच निवडून वेगळ्या काढल्या होत्या. त्या तिनं हातानं झाडल्या, उफणल्या, डबा काठोकाठ भरला आणि दादाला हातानंच खुणावलं की दुसरा डबा आण. दुसराही भरला. दोन खाचरांचं बी! 

दिवस कलायला मी भोंगा आणि लॅपटॉप काढून अंगणात आणला. बघते तर आई ओट्यावर बसलेली. या वेळेला, ओट्यावर, इतक्या दिवसांनी. मांडीवर बियाचा डबा. तिनं मला जवळ बोलावलं आणि भोंग्याकडे बोट केलं.

"लाव."

"आता कशाला गं? भात आलं घरात."

"लाव म्हन्ते न्हवं."

मी ओट्यावरच तारा जोडल्या. सुरुवातीला नेहमीसारखी शांतता. आईनं ती ओळखली, तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग भांडं. मग पुन्हा शांतता, आणि मग ती स्वतः. आई हनुवटी वर करून ऐकत होती, कुणी आपली मोठी तारीफ करत असावं आणि ती थोडी कमीच पडत असावी, तशी. आवाज एकदा चढून उतरला तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली.

"लई बारीक लावलाय. मोठा कर."

मी मोठा केला.

"आजून."

मी शेवटपर्यंत नेला. भोंगा थरथरायला लागला, गोठ्यातल्या गायी उठून उभ्या राहिल्या, दादा कानावर हात ठेवून हसत होता. आणि ओढ्यापलीकडून, किती दिवसांनी, काकूची हाक आली, "ओ वैनीऽऽ! झोडलं का भाऽऽत?"

आईनं हात वर केला. पण अंधारत आलं होतं. तिनं हात खाली घेतला आणि माझा दंड धरला. "सांग तिला. नवा भात टाकलाय म्हनावं. जेवाया ये."

मी भोंगा बंद केला आणि ओट्याच्या कडेला, आई उभी राहायची तिथे जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं आवाज बनवते, पण या कडेवरून मी कधी हाक मारली नव्हती. पहिल्यांदा घशातच राहिली. आईनं पाठीत एक धपाटा घातला. मग मी पोटापासून ओरडले, "काकूऽऽ! नवा भात टाकलाऽऽय! जेवायला येऽऽ!"

 मग पलीकडून उत्तर आलं.

"आले, आले! किती वरडतीस गं वैनी, भैरी न्हाई मी!"

मी वळून आईकडे बघितलं. ती डबा पोटाशी धरून हसत होती, आवाज न करता, खांदे गदगदा हलत होते. मग डोळे पुसून ती उठली आणि काकूचं ताट वाढायला आत गेली.